‘शेजारची शाळा’ : शालेय अंतर, वाहतूक व स्थानिक व्यवस्थापन यांविषयीची विधिभाषा

१. विषयप्रवेश

मुलाने शाळेत जावे असे कायदा सांगतो, तेव्हा तो दोन विधाने एकत्र करीत असतो. मुलाला शिक्षण मिळाले पाहिजे, हे पहिले. आणि घरापासून शाळेपर्यंतची वाट त्याला आक्रमिता आली पाहिजे, हे दुसरे. पहिल्या विधानाविषयी आपल्याकडे विपुल लेखन झाले आहे. अभ्यासक्रम, माध्यमभाषा, परीक्षा, शिक्षकांची पात्रता हे त्याचे विषय होत. दुसरे विधान मात्र नियमावलीच्या पोटनियमांत राहिल्यामुळे अभ्यासकांचे लक्ष त्याकडे क्वचितच वळते. तथापि सह्याद्रीच्या कुशीतील एखाद्या धनगरवाड्यावर किंवा सातपुड्यातील एखाद्या पाड्यावर राहणाऱ्या सहा वर्षांच्या मुलापुरते पाहू गेल्यास, शिक्षणाचा हक्क ओढ्याच्या अलीकडेच थांबतो की पलीकडे पोचतो, हे या दुसऱ्या विधानावरच अवलंबून असते.

प्रस्तुत लेखात शाळेचे अंतर, विद्यार्थ्यांची वाहतूक आणि शाळेचे स्थानिक व्यवस्थापन या तीन गोष्टींविषयीच्या कायद्यांचा परस्परसंबंध पाहावयाचा आहे. त्यासाठी अवलंबिलेली पद्धती साधी आहे. कायद्याचे प्रत्येक कलम हे अखेर एक वाक्य असते. त्या वाक्याचा कर्ता कोण आणि त्याच्या वाट्याला कोणते क्रियापद आले आहे, हे पाहिले म्हणजे कर्तव्य कोणावर आहे आणि अधिकार कोणाकडे आहे, याचा उलगडा बऱ्याच अंशी होतो.

२. इंग्लंडमधील पूर्वपीठिका

गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये तत्कालीन मध्यवर्ती विधिमंडळात प्राथमिक शिक्षणाचे जे विधेयक मांडले, त्याच्या रचनेस १८७० व १८७६ चे इंग्रजी आणि १८९२ चा आयरिश हे कायदे आधारभूत होते. म्हणून आरंभ इंग्लंडपासून करणे युक्त होईल.

इंग्लंडच्या १८७० च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने स्थानिक करदात्यांनी निवडून द्यावयाची शाळा मंडळे अस्तित्वात आणली. या मंडळांना आपल्या क्षेत्रात शालेय उपस्थिती सक्तीची करणारे उपविधी करण्याची मुभा होती. त्याच कायद्याच्या ७४ व्या कलमात अनुपस्थितीच्या ‘वाजवी सबबी’ दिल्या आहेत, आणि मुलाच्या राहत्या घरापासून विहित अंतरात शाळा नसणे ही त्यांपैकी एक आहे. हे अंतर जवळच्या रस्त्याने मोजावयाचे होते. ते किती असावे हे मंडळाने उपविधीत ठरवावयाचे होते; मात्र ते तीन मैलांहून, म्हणजे सुमारे ४.८ किलोमीटरांहून अधिक असता कामा नये, एवढी मर्यादा संसदेने घातली होती.

या तरतुदीत दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली अशी की, येथे अंतर ही पालकाची सबब आहे. वाक्याचा कर्ता पालक असून, शाळा दूर असेल तर तो दोषमुक्त होतो. परंतु त्यामुळे शाळा जवळ आणण्याचे कर्तव्य कोणावर येत नाही. दुसरी गोष्ट अशी की, अंतराची मर्यादा ठरविण्याचा अधिकार स्थानिक निर्वाचित मंडळाकडे आहे. ‘विहित करणे’ हे अधिकारवाचक क्रियापद त्या मंडळाला मिळालेले होते.

ही मंडळे १९०२ च्या कायद्याने संपुष्टात आली. पुढे १९४४ च्या शिक्षण कायद्याने चालण्याचे अंतर स्वतःच निश्चित केले : आठ वर्षांखालील मुलास दोन मैल, त्याहून मोठ्या मुलास तीन मैल, आणि तेही ‘उपलब्ध’ अशा जवळात जवळच्या मार्गाने. ते अंतर ओलांडले जात असेल आणि शिक्षणाधिकरणाने वाहतुकीची योग्य सोय केलेली नसेल, तर अनुपस्थितीबद्दल पालकास दोषी धरता येत नव्हते. सबब पालकाचीच राहिली. परंतु तिचा रेटा आता अधिकरणावर पडू लागला.

‘उपलब्ध मार्ग’ म्हणजे काय, हा प्रश्न इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे १९८६ मध्ये एसेक्स परगण्यातील एका प्रकरणात आला. आवश्यक तेथे मोठ्या माणसाच्या सोबतीने मुलाला पुरेशा सुरक्षितपणे ज्या वाटेने चालत जाता येते तो मार्ग उपलब्ध होय, असा अर्थ तेथे लावण्यात आला. एकट्या मुलाला ती वाट धोक्याची आहे एवढ्याने ती ‘अनुपलब्ध’ ठरत नाही. सोबत कोणी करावयाची हा भार अर्थातच पालकावर गेला. एका विशेषणाच्या अर्थनिर्णयाने घरातल्या कर्त्या माणसाचे सकाळ-संध्याकाळचे तास खर्ची पडतात, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

३. एतद्देशीय परंपरा

बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग करून १९०६ मध्ये तो सर्व संस्थानभर लागू केला. ब्रिटिश मुलखात मात्र गोखल्यांचे विधेयक १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ मध्ये नगरपालिकांना सक्ती लागू करण्याची परवानगी देणारा कायदा झाला. त्यानंतर १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे मोठ्या प्रमाणावर सोपविला. १९२९ मध्ये हार्टोग समितीने या विकेंद्रीकरणावर टीका केली आणि शाळांच्या विस्तारापेक्षा दृढीकरणावर भर द्यावा असे सुचविले. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने या व्यवस्थेची फेरमांडणी केली. अखेर १९६१ च्या जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियमानुसार १ मे १९६२ पासून महाराष्ट्रातील ग्रामीण प्राथमिक शाळा जिल्हा परिषदांच्या कक्षेत आल्या.

या इतिहासात स्थानिक कारभार कधी वाढला, कधी आकुंचित झाला. मात्र १९११ चे विधेयक व १९१८ चा कायदा यांची मूळ भूमिका अनुज्ञात्मक होती. स्थानिक संस्थेने ठरविले तर सक्ती, न ठरविले तर नाही. मूल कर्ता नव्हते आणि शासनही कर्ता नव्हते.

हा क्रम बदलला तो २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने आणि तिला अनुसरून झालेल्या बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ या कायद्याने. हा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या तिसऱ्या कलमात सहा ते चौदा वर्षे वयाच्या बालकाला शेजारच्या शाळेत शिकण्याचा हक्क दिला आहे. सहाव्या कलमात शासन व स्थानिक प्राधिकरण यांनी विहित क्षेत्रात शाळा नसेल तेथे ती तीन वर्षांच्या आत स्थापन करावी, असे बंधन आहे. जे अंतर इंग्रजी कायद्यात पालकाची सबब होते, ते येथे शासनाचे कर्तव्य झाले. वाक्याचा कर्ता बदलला. या अधिनियमाचे खरे नावीन्य येथे आहे.

४. ‘शेजार’ या शब्दाची व्याप्ती

अधिनियमातील मूळ इंग्रजी शब्द ‘नेबरहुड’ हा आहे. त्यासाठी मराठीत शेजार, परिसर, नजीक असे शब्द योजिले जातात. परंतु ते समानार्थी नव्हेत. ‘नजीक’ हा केवळ अंतराचा वाचक आहे. ‘परिसर’ हा क्षेत्राचा वाचक आहे. ‘शेजार’ या शब्दात मात्र अंतराबरोबर संबंधही आहे. भिंतीला भिंत लागून असूनही शेजार नसू शकतो. ‘हाकेच्या अंतरावर’ हा आपला वाक्प्रचारही याच जातीचा आहे, कारण त्यात पावलांबरोबर ऐकणाऱ्या माणसाचाही हिशेब आहे. कोठारी आयोगाने (१९६४-६६) शेजारशाळेचा पुरस्कार केला तो याच संबंधाच्या भूमिकेवरून. एका वस्तीतील सर्व थरांची मुले एका शाळेत बसावीत, हा त्यामागील हेतू होता.

नियमांना अर्थातच मोजता येणारी व्याख्या हवी असते. केंद्र शासनाने २०१० मध्ये केलेल्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी चालण्याचे एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर हे अंतर ठरविले गेले. त्यापुढील पोटनियमांचा क्रम विचारात घेण्याजोगा आहे. दरडी कोसळण्याचे वा पुराचे भय, रस्त्यांचा अभाव किंवा वाटेवर लहान मुलांना धोका असेल तेथे ही मर्यादा कमी करून शाळा अधिक जवळ आणावी, असे एक पोटनियम सांगतो. त्यानंतर अपवाद येतो : ज्या लहान वस्त्यांना विहित मर्यादेत शाळा नाही, त्यांतील मुलांसाठी मोफत वाहतूक, निवासाची सोय यांसारखी पुरेशी व्यवस्था करावी. अपंगत्वामुळे शाळेत पोचू न शकणाऱ्या मुलांसाठी सुरक्षित वाहतुकीची तरतूद स्वतंत्रपणे दिलेली आहे.

या क्रमावरून नियमकर्त्यांचा आशय स्पष्ट होतो. आधी शाळा, वाट धोक्याची असेल तर आणखी जवळ शाळा, आणि शाळा नसेल तेथे वाहतूक. वाहतूक ही शाळेची पुरवणी आहे, तिचा पर्याय नव्हे.

महाराष्ट्राने २०११ मध्ये केलेल्या नियमांत एक व तीन किलोमीटर हीच मोजपट्टी राहिली. परंतु नवी शाळा स्थापण्यासाठी त्या वयोगटातील किमान वीस मुले उपलब्ध असावीत, अशी संख्येची अट तिला जोडली गेली. ही अट शाळा उघडण्याविषयीची आहे. चालू असलेली शाळा वीसहून कमी मुले झाल्यास बंद करावी, असा अर्थ त्या वाक्यातून निघत नाही.

अंतराचे माप कोठून घ्यावयाचे, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. महाराष्ट्र शासनाने ९ फेब्रुवारी २०२४ रोजी नियमांत एक परंतुक घातले. खासगी विनाअनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या त्रिज्येत शासकीय वा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेस दुर्बल व वंचित घटकांतील पंचवीस टक्के मुलांच्या प्रवेशाच्या बंधनातून त्याने मोकळे केले. मूळ नियमात ‘चालण्याचे अंतर’ होते, येथे ‘त्रिज्या’ आली. मूळ नियमात माप मुलाच्या वस्तीपासून होते, येथे ते शाळेपासून सुरू झाले. मुलाला जवळ आणण्यासाठी घेतलेला किलोमीटर मुलाला बाहेर ठेवण्यासाठी वापरला गेला. मुंबई उच्च न्यायालयाने हे परंतुक १९ जुलै २०२४ रोजी रद्द ठरविले. शब्द तोच राहून आरंभबिंदू बदलला की हक्काचा अर्थ कसा उलटतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

५. शाळा व्यवस्थापन समितीची क्रियापदे

स्थानिक व्यवस्थापनासाठी अधिनियमाच्या एकविसाव्या कलमात शाळा व्यवस्थापन समितीची योजना केली आहे. विनाअनुदानित खासगी शाळा वगळता प्रत्येक शाळेस ती बंधनकारक आहे. तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य त्या शाळेत दाखल असलेल्या मुलांचे पालक असावेत, निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात आणि दुर्बल व वंचित घटकांतील पालकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व मिळावे, असे कलम सांगते. रचनेच्या दृष्टीने १८७० च्या इंग्रजी शाळा मंडळापेक्षाही ही समिती घराच्या अधिक निकट आहे. साकव कोणत्या महिन्यात वाहून जातो आणि कोणत्या वळणावर मुले थांबून राहतात, हे तिच्या सदस्यांना विचारावे लागत नाही.

परंतु तिच्या वाट्यास आलेली क्रियापदे कोणती? शाळेच्या कामकाजावर ‘देखरेख ठेवणे’, शाळा विकास आराखडा ‘तयार करणे’ व त्याची ‘शिफारस करणे’, अनुदानाच्या विनियोगावर ‘लक्ष ठेवणे’. शाळा कोठे असावी, वाट सुरक्षित आहे की नाही, वाहन हवे की नको, या बाबतींत ‘ठरविणे’ हे क्रियापद तिला दिलेले नाही. ती क्रियापदे शासन व स्थानिक प्राधिकरण यांच्याकडे आहेत. २०१२ च्या दुरुस्तीने तर अनुदानित शाळांतील समित्यांचे कार्य केवळ सल्ल्यापुरते मर्यादित केले.

वाहतुकीचा कायदाही या समितीपासून दूरच राहिला. महाराष्ट्राने २०११ मध्ये मोटार वाहन कायद्याखाली स्कूल बसविषयीचे स्वतंत्र नियम केले आणि शाळा पातळीवर परिवहन समितीची तरतूद केली. मुख्याध्यापकाच्या अध्यक्षतेखालील त्या समितीत पोलीस, मोटार वाहन, शिक्षण अशा खात्यांच्या अधिकाऱ्यांना स्थान होते. ते नियम धावणाऱ्या वाहनाच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक आहेत, यात संशय नाही. परंतु ज्या मुलासाठी वाहनच नाही, ते त्यांच्या कक्षेत येत नाही.

६. समायोजनाचा प्रश्न

या व्यवस्थेची खरी कसोटी लहान शाळांच्या समायोजनाच्या वेळी लागते. २०१७ च्या अखेरीस महाराष्ट्र शासनाने दहाहून कमी पट असलेल्या सुमारे तेराशे शाळा जवळच्या शाळांत समाविष्ट करण्याचा निर्णय घेतला. सप्टेंबर २०२३ मध्ये, वीस वा त्याहून कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे प्रस्ताव शिक्षण आयुक्तालयाने मागविले. नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातील पानशेत येथील शाळांचा त्यासाठी दाखला देण्यात आला. अशा लहान शाळांची संख्या राज्यात पंधरा हजारांच्या घरात होती. २०११ च्या नियमांत शाळा उघडण्यासाठी घातलेला वीसचा आकडा अशा रीतीने शाळा मिटविण्याच्या विचारात अवतरला.

समायोजनाची बाजू निराधार नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात (२०२०) दिलेल्या आकडेवारीनुसार २०१६-१७ मध्ये देशातील सुमारे २८ टक्के शासकीय प्राथमिक शाळांत तीसहून कमी विद्यार्थी होते आणि एकशिक्षकी शाळांची संख्या १,०८,०१७ होती. अधिनियमाच्या अनुसूचीप्रमाणे साठपर्यंत विद्यार्थी असलेल्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक हवेत. पाच इयत्तांना एकच शिक्षक असेल, तर मुलाला शाळा जवळ मिळते, शिक्षण मात्र दूरच राहते. हार्टोग समितीने १९२९ मध्ये मांडलेला दृढीकरणाचा युक्तिवाद आजही त्याच मुद्द्यावर उभा आहे.

तथापि समायोजनात विधीचा क्रम उलटतो. नियमात ‘शाळा, ती नसेल तर वाहतूक’ असे आहे. समायोजनात ‘वाहतूक देऊ, म्हणून शाळा नको’ असे होते. पुरवणी ही पर्याय होऊन बसते. आणि या पर्यायाचे मोल किती? समग्र शिक्षा योजनेत (२०१८) वाहतूक व सोबत यांसाठी प्रति बालक वर्षाला कमाल ६,००० रुपये धरलेले आहेत. अनुसूचीतील प्राथमिक शाळेच्या २०० दिवसांनी भागल्यास दिवसाला ३० रुपये, म्हणजे एका फेरीस १५ रुपये होतात. पाचसहा मुलांच्या पाड्यावर जीप आणावयाची तर इतक्या रकमेत वाहनवाला मिळणे दुष्कर आहे. शिवाय रक्कम खात्यात जमा होणे आणि वाहन दाराशी उभे राहणे या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिलीचा कर्ता शासन आहे. दुसरीचा कर्ता शोधण्याचे काम पालकावर पडते. अशा रीतीने १८७० मधील पालक पुन्हा वाक्याच्या कर्तृस्थानी येतो.

याहूनही सूक्ष्म असा एक परिणाम आहे. समितीचे पालक-सदस्य ‘त्या शाळेत दाखल असलेल्या’ मुलांचेच असावे लागतात. शाळा मिटली की तिची समितीही मिटते. तिचे पालक नव्या शाळेचे पालक होतात. परंतु तेथे ते अल्पसंख्य असतात. दुर्बल घटकांसाठी व स्त्रियांसाठी कलमात प्रतिनिधित्व आहे, वाडीसाठी नाही. सहा किलोमीटर दूरच्या समितीत पाड्याचा एकही सदस्य नसला तरी ती समिती विधिवत रचलेलीच असते. वाहन ज्या दिवशी येत नाही, त्या दिवशी ते आले नाही हे सांगणारा कोणी त्या समितीत असेलच, याची हमी कायदा देत नाही. वाट लांबते त्याच क्षणी तिच्याविषयी बोलण्याचे अधिकृत स्थानही नाहीसे होते.

तक्रारीचा मार्ग अधिनियमाच्या बत्तिसाव्या कलमात आहे. तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करावयाची आणि त्याने तीन महिन्यांत निर्णय द्यावयाचा. त्यावर बालहक्क संरक्षणाच्या राज्य आयोगाकडे अपील. वाहतूक पुरविण्याचे कर्तव्य ज्या प्राधिकरणावर आहे, त्याच्याचपुढे ती न पुरविल्याची तक्रार जाते. आणि जूनमध्ये केलेल्या तक्रारीचा निर्णय सप्टेंबरात लागेतो पावसाळ्यातली, म्हणजे वाट सर्वांत अवघड असण्याच्या काळातली शाळा बुडालेली असते.

७. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येईल की, २००९ च्या अधिनियमाने अंतराला पालकाच्या सबबीतून बाहेर काढून शासनाचे कर्तव्य केले. परंतु ज्यांना वाट ठाऊक आहे त्यांच्या हाती त्या कर्तव्याविषयीचे निर्णायक क्रियापद दिले नाही. जोवर शाळा वस्तीत आहे तोवर ही उणीव जाणवत नाही. शाळा उठली आणि तिच्या जागी वाहतुकीचे वचन आले, की ती एकदम उघडी पडते.

ही उणीव काही अंशी प्रचलित कायद्याच्या चौकटीतही भरून काढता येण्यासारखी आहे. बाविसाव्या कलमानुसार शाळा विकास आराखडा हा शासनाच्या व प्राधिकरणाच्या नियोजनाचा व अनुदानाचा आधार आहे. त्या आराखड्यात प्रत्येक वाडीपासूनचा मार्ग, त्यावरील ओढे व घाट, पावसाळ्यातील स्थिती आणि आवश्यक वाहन यांची नोंद करण्यास समितीला कोणतीही आडकाठी नाही. अशी नोंद झाली, तर धोक्याच्या वाटेविषयीचा पोटनियम लागू करण्यास लेखी आधार मिळेल आणि समायोजनाच्या प्रस्तावाला तिचे उत्तर द्यावे लागेल. राज्याच्या नियमांत दुरुस्ती करावयाची झाल्यास दोन वाक्ये पुरेशी आहेत : समायोजनापूर्वी मिटणाऱ्या शाळेच्या समितीची मार्गाविषयीची लेखी संमती घ्यावी, आणि नव्या शाळेच्या समितीत समाविष्ट झालेल्या प्रत्येक वस्तीचा किमान एक पालक असावा.

संशोधकांना या क्षेत्रात पुष्कळ काम आहे. शाळा व्यवस्थापन समित्यांची इतिवृत्ते हे आजवर जवळजवळ न हाताळले गेलेले साधन होय. मासिक सभांच्या त्या वह्यांत वाट, ओढा, गाडी हे शब्द किती वेळा येतात, ते कोणाच्या तोंडी येतात, आणि पुढील सभेत त्यांचे काय होते, एवढे जरी एखाद्या तालुक्यापुरते काळजीपूर्वक नोंदविले गेले, तरी ‘शेजारची शाळा’ या संज्ञेचा कायद्याबाहेरचा अर्थ निश्चित करण्यास त्याचे मोठे साहाय्य होईल.